पाच छपरं आणि तुझं मखर

सबाह अल-सालेम, कुवेत
शुक्रवार, २३ नोव्हेंबर २००१

चि. प्रीतम यास ठकूबाईचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे, नाहीतर पुढच्या ओळीवर जा.

कागदाच्या वर काही लिहिलेलं नाही, ती विसर नव्हे. दर पत्रावर मी आधी श्री काढते. तुझ्या घरी वर काय लिहितात ते एवढ्या वर्षांत मी विचारलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे. तुला घालायचं ते घाल.

इकडे सगळं बरं आहे. माझे गुडघे दिवसभर कुरकुरतात, पण कामाला येतात. सुयोगचे डोक्यावरचे केस गेले. सूनबाई विनिताचं वजन आणि आवाज दोन्ही वाढताहेत, आणि माझ्या मुलाला यातलं एकही दिसत नाही, म्हणजे संसार सुखाचा आहे. शर्वरी आठ वर्षांची झाली. मी मराठीत ओरडते, ती इंग्रजीत उत्तर देते, त्यामुळे आमचं एकही भांडण पुरं होत नाही.

रोजे चालू आहेत, म्हणून दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. हे पत्र नझीर आणून देईल. नझीर म्हणजे आमच्या इमारतीचा हारिस, राखणदार, जिन्याखाली बसतो तो. त्याचा मेहुणा तुमच्या फहाहीलच्या कॅम्पात राहतो, हे तुला ठाऊक असेल. त्याच्याकडून कळलं की डिसेंबरात तुझं काँट्रॅक्ट संपतंय आणि तू पुन्हा सही करणार नाहीस. कायमचा गावी चाललास. ते ऐकलं आणि हे लिहायला मी शर्वरीच्या वहीची पानं फाडली.

एरवी माझी पत्रं विनिता लिहिते. हे तिला सांगितलेलं नाही. मी दुसरी पास, तीसुद्धा मास्तरांच्या दयेनं, तेव्हा जोडाक्षरं मोडलेली दिसतील ती तूच सांधून घे. चार दुपारी लागल्या आहेत एवढं लिहायला.

आधी जपानचं सांगते.

सुयोगला कंपनीनं ऑक्टोबरात तीन आठवडे ओसाकाला पाठवलं होतं, तिथल्या कारखान्यातली नवी यंत्रं बघायला. मला एकटीला इथे ठेवायची कोणाची छाती होईना, म्हणून वरातीत मीही. गाव स्वच्छ आहे. माणसं सारखी वाकतात. मीही वाकायला गेले तर कमरेत अडकले आणि तिथल्याच दोघींनी धरून सरळ केलं. भात बरा असतो, पण मीठ घालायचं कोणीतरी त्यांना शिकवायला पाहिजे.

सुयोगच्या बरोबरचा तिथला एक इंजिनिअर आहे, साठीचा, गंभीर चेहऱ्याचा. त्यानं विचारलं, तुमच्या आईंना काय बघायला आवडेल? विनिता म्हणाली, शॉपिंग. मी म्हटलं, सुयोगचे वडील, आमचे मेस्त्री, सुतार होते, इथे लाकडाचं काही जुनं असेल तर दाखवा. तो माणूस पहिल्यांदा हसला. रविवारी आगगाडीनं नारा गावाजवळ घेऊन गेला.

प्रीतम, तिथे एक बुद्धाचं देऊळ आहे आणि त्याच्या आवारात पाच छपरांचा मनोरा आहे. सगळा लाकडी. तेराशे वर्षं झाली म्हणतात. मी आधी मानलं नाही. आपल्याकडे तेरा पावसाळ्यांत वासा भुगा होतो. पण जवळ गेले आणि गप्प बसले. मी गप्प बसले म्हणून विनितानं माझं कपाळ चाचपून पाहिलं.

खालचं छप्पर सगळ्यात मोठं, मग वरचं लहान, मग आणखी लहान. पाचवं तर पहिल्याच्या निम्मंच म्हणाला तो. त्यामुळे एवढं उंच असून अंगावर येत नाही, बसल्यासारखं वाटतं. वळचणी भिंतीपासून इतक्या लांब काढल्यात की पाऊस लाकडाला शिवायला नको. ते एवढं बाहेर आलेलं छप्पर तोलायला खाली जे हात दिलेत, ते सरळ ठोकळे नाहीत. ढगासारखे वळणदार कापलेत. कोणाला दिसणार होतं खालून? तरी कापलेत. मेस्त्री असते तर तिथेच फतकल मारून बसले असते आणि आम्हांला उपाशी घरी यावं लागलं असतं.

मी विचारलं, खिळे किती? तो म्हणाला, आहेत, पण थोडे, आणि ते भट्टीत घडवून हातानं केलेले. बाकी सगळं खाच आणि खुंटी. मधोमध तळापासून वरपर्यंत एकच खांब आहे. म्हटलं, म्हणजे सगळा भार याच्यावर. तर म्हणे नाही. तो फक्त वरचा कळस धरतो. त्यानं कागदावर चित्र काढून दाखवलं. मजले एकावर एक नुसते ठेवल्यासारखे आहेत, डोक्यावर पाट्या रचाव्या तसे. भूकंप आला की खालचा डावीकडे जातो, वरचा उजवीकडे, त्याच्या वरचा पुन्हा डावीकडे, आणि हलून हलून सगळे जागेवर येतात. घट्ट बांधलं असतं तर मोडलं असतं. मी ते चित्र मागून घेतलंय. पत्रासोबत ठेवते. तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

कळसाच्या बुडाशी चार विळे लावलेत. खरे विळे. कशाला विचारलं तर म्हणाला, विजेसाठी म्हणतात, पण खरं कोणालाच माहीत नाही. ते मला आवडलं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

आवाराच्या पडवीला ओळीनं खांब आहेत, मध्ये किंचित फुगलेले. हात लावू का विचारलं, लाव म्हणाला. खांबाला जिथे कूज लागली तिथे तेवढाच तुकडा कापून नवं लाकूड बसवलंय. धारेला धार, रेषेला रेष. नख घालायला गेले तर नख शिरेना. आणि मला तूच आठवलास. खोटं कशाला लिहू, मेस्त्री नाही आठवले. मेस्त्रींचं ठिगळ थोडं दिसायचं. तुझं दिसायचं नाही. ते स्वतः म्हणायचे, "याचा हात माझ्याहून सरळ आहे." मला त्याचा राग यायचा.

आता इथवर आलेच आहे तर लिहिते. जपान संपलं.

तू सोळाव्या वर्षी बौद्धवाडीतून आमच्या घरामागच्या मांगरात रंधा धरायला आलास, तेव्हा मी मेस्त्रींना म्हटलं होतं, शिकवायला वाडीतली पोरं संपली का? ते म्हणाले, "वाडीतली पोरं करवत फेकून पळतात. हा फेकत नाही." मी तुझा चहा करवंटीत द्यायचे. चार दिवस त्यांनी बघितलं. पाचव्या दिवशी म्हणाले, "मलाही करवंटीतच दे, कपाला सारखा भुसा लागतो." मरेपर्यंत मांगरात ते करवंटीतूनच प्यायले. मी भांडले, रडले, जेवण टाकलं. पण तुला कप दिला नाही. दोन करवंट्या घासल्या.

ते गेले, तू मुंबईला गेलास, मग इथे आलास. फहाहीलच्या बाजारात तू मला हाक मारलीस, "काकी!" तेव्हा मला बरं वाटलं, हे खरं आहे. परक्या मुलखात आपल्या गावचा हेल ऐकला की माणूस आधी हसतो आणि मग आठवतो.

दर शुक्रवारी तू यायला लागलास. विनिताचं कपाट, शर्वरीची खुर्ची. शर्वरी तुला प्रीतम अंकल म्हणायची. सुयोगनं तुझं काम बघितलं आणि म्हणाला, हा माणूस उन्हात काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळ्या ठोकतोय, हे पाप आहे. त्याच्या कंपनीच्या वर्कशॉपात बारीक कामाचा सुतार हवा होता, सावलीत, रंध्यावर. त्यानं तुझे कागद आणि फोटो मागून घेतले. तुझा व्हिसा ज्याच्या हातात त्या कफीलाकडून रिलीज मिळवायचं तोच बघणार होता.

आणि तू गेल्या वर्षीच्या गणपतीला मखर केलंस.

यंत्रांच्या खोक्यांचं लाकूड होतं ते. चार खांब, कमान, वर लहान छप्पर, एकही खिळा नाही. सुटं केलं की पलंगाखाली जातं. चतुर्थीच्या आदल्या दुपारी तू ते हॉलमध्ये उभं केलंस, मला म्हणालास, "काकी, हलवून बघा." मी हलवलं, जरा डुललं आणि उभं राहिलं. तू हसलास आणि गेलास.

पुढचं तू पाहिलंस. पण पाहणाऱ्याला वाटू शकतं की आपलं काही चुकलं असेल, म्हणून मी माझ्या हातानं लिहिते.

गावाहून आणलेली गोमूत्राची बाटली मी काढली आणि दूर्वांनी तुझ्या मखरावर शिंपडलं. चारी खांबांवर, कमानीवर, आणि तू जिथे मांडी घालून बसला होतास त्या फरशीवर. शर्वरीनं विचारलं, "आजी, इज इट डर्टी?" मी म्हटलं, "त्यांचा हात लागलाय ना, म्हणून." आणि वळले तर तू दारात. दार शर्वरीनं उघडं टाकलं होतं. चपला तुझ्या हातात होत्या. तू म्हणालास, "काकी, पटाशी राहिली." उचललीस आणि गेलास. आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला फार सोयीचं झालं असतं.

मला कळत नव्हतं असं समजू नकोस. आपल्या ग्रामदेवीच्या सभामंडपाचे आठ खांब मेस्त्रींनी कोरले. दोन वर्षं. काम झालं त्या दिवशी त्यांना पायरीखाली उभं करून आत खांब धुतले होते, सुताराचा हात लागला म्हणून. मी त्यांच्या शेजारी उभी होते, सुयोग कडेवर होता. घरी येऊन मी त्या गावकऱ्यांना सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या. ते मी विसरले नव्हते, प्रीतम. आठवत असताना केलं.

एवढंच असतं तर मी कदाचित मान खाली घालून गप्प राहिले असते आणि तूही थुंकून मोकळा झाला असतास. पण पुढचं तुला माहीत नाही.

चतुर्थीला तू जेवायला आला नाहीस. बाकीची मंडळी आली, आरती झाली, सगळे मखराचं कौतुक करत होते. सुयोग तीनदा खाली जाऊन आला. मग मला विचारलं, "आई, प्रीतम का नाही आला? काल काही झालं का?" माझ्या तोंडातून निघालं, "तो काल पिऊन आला होता. मीच येऊ नको म्हटलं."

असं बोलले. पुरणपोळी वाढता वाढता.

सुयोगनं ते खरं मानलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तुझे कागद ड्रायव्हरच्या हाती परत पाठवले. त्याबरोबर चिठ्ठी नव्हती, ती नको असं मीच म्हटलं होतं. तुला वाटलं असेल, साहेब लोक असेच. साहेब तसा नव्हता. त्याची आई होती. आणि वर्कशॉपच्या फोरमननं विचारलं तेव्हा सुयोगनं त्यालाही खरं समजून तेच कारण सांगितलं. म्हणजे हा सगळा उन्हाळा तू फळ्या ठोकल्यास ते माझ्या एका वाक्यावर.

आता त्या मनोऱ्याकडे परत जायला हवं, कारण लाज तिथेच एकदा पुरी व्हायची होती आणि मी होऊ दिली नाही.

खालच्या मजल्याला जाळीची दारं आहेत. आत अंधार. डोळे सरावले की मातीच्या मूर्ती दिसतात. एका बाजूला बुद्ध निजलाय, शेवटचा, आणि भोवती त्याची माणसं रडतायत. तोंड उघडून, छाती पिटून, खेड्यातल्यासारखी. तुझ्या पेटीच्या झाकणात आतून चिकटवलेली तसबीर असायची, तोच चेहरा. मी हात जोडले. तुझ्या पेटीपुढे कधी जोडले नव्हते.

मग मी सुयोगला म्हटलं, "त्यांना विचार, हे ज्यांनी बांधलं त्या सुतारांना आत येऊ देत होते का?"

"आई, काहीतरी काय विचारतेस!"

"विचार."

त्यानं विचारलं. तो माणूस म्हणाला, मग आतलं काम कोणी केलं असतं?

"तसं नाही. बांधून झाल्यावर. देव आत बसल्यावर."

सुयोगनं तीन वेळा फिरवून फिरवून सांगितलं. त्या माणसाला प्रश्नच समजेना. तो बिचारा मनोऱ्याकडे बघे, माझ्याकडे बघे. आणि शर्वरी मोठ्यानं, इंग्रजीत, त्या परक्या माणसाला सांगून मोकळी झाली, की आमच्या घरी प्रीतम अंकलनं देवाचं घर केलं तर आजीनं त्यावर गाईचं पाणी टाकलं, कारण त्याचा हात लागला होता. गाईचं पाणी म्हणजे काय ते त्याला कळलं नसेल. सुयोगला कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "लहान आहे. काहीही बोलते."

तिथे उभी राहून म्हटलं. आतली माणसं रडत होती आणि मी बाहेर सात-आठ वर्षांच्या नातीला खोटं पाडत होते. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. इंग्रजीतसुद्धा नाही.

परत आल्यावर नझीरनं तुझी बातमी दिली. गेल्या शुक्रवारी सुयोग जेवायला बसला होता, तेव्हा मी सांगितलं. सगळं. बाटलीपासून पिण्यापर्यंत. त्यानं ताट सरकवलं.

"आई, इथे दारूचं नाव निघालं की माणूस थेट विमानात बसवतात. तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग?"

मी त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. विनिता मध्ये पडायला आली, "जाऊ दे, म्हाताऱ्या माणसांचं." मी तिला म्हटलं, तू गप्प बस, मी म्हातारी होण्याआधीपासून अशीच आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती माझी बाजू घ्यायला आली होती आणि मी तीही घेऊ दिली नाही.

बुधवारी सुयोग वर्कशॉपात गेला. मी त्याला सांगून ठेवलं होतं, गैरसमज झाला असं गुळमुळीत सांगू नकोस, माझ्या आईनं खोटं सांगितलं असं सांग. त्यानं तसंच सांगितलं. ती जागा आता नाही, प्रीतम. गेल्या वर्षीच कोणीतरी भरली. नवी निघाली तर तुझं नाव आधी घेऊ असं फोरमन म्हणाला, पण त्यावर भरवसा ठेव असं मी लिहिणार नाही. पुष्कळ झालं माझं खोटं.

पुढच्या शुक्रवारी सुयोग स्वतः कॅम्पात येईल. माझ्या वतीनं नाही, त्याच्या वतीनं. त्यालाही तुझ्याशी बोलायचं आहे, कारण त्यानं एकदाही तुला विचारलं नाही. त्याला भेट किंवा भेटू नकोस. पण माझ्यावरच्या रागापायी चांगलं काम नाकारू नकोस. मी जानेवारीत गावी जातेय, तुझ्या शुक्रवारात मी नसेन. तू गावी गेलासच तर मला आधी कळव. मी वाट सोडून उभी राहीन. बोलायचं की नाही ते तू ठरव.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते लिहिलं की मग उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावर पडतं, आणि माझी बरीच ओझी तू वाहिलीस.

वाचून फाडून टाक, असं आधी खाली लिहिलं होतं. ते खोडलं आहे, दिसेल तुला. तुझ्या खोलीत बारा माणसं राहतात म्हणे. तू साहेबाच्या घरी पिऊन गेलास म्हणून तुझं काम गेलं, असं त्यातल्या कितीजणांनी ऐकलं असेल ते मला ठाऊक नाही. तर हे त्यांच्यापुढे मोठ्यानं वाच. करवंटीचंही वाच, बाटलीचंही. तुला वाचवत नसेल तर दुसऱ्या कोणाला वाचायला दे. आपल्या तालुक्यातलं कोणी असेल त्यात, ते गावी फोन करून सांगेल. सांगू दे. म्हणून खाली पुरं नाव घालते, कुठली ठकूबाई असं कोणी विचारायला नको. आमच्या मालकांचं नाव मी लग्न झाल्यापासून तोंडानं घेतलेलं नाही. पण तू त्यांचा शिष्य, आणि हे त्यांच्याही कानावर जायला हवं.

तुझी काकी असं लिहायला हात होत नाही.

ठकूबाई गणपत मेस्त्री
मु. कोंडशेत, सुतारवाडी